चार बोटं टॉवेल

अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस बघायला गेलो होतो. लोणावळ्यापलीकडचा घाटमाथा, हिवाळ्यातलं कोवळं वाटणारं पण कातडी भाजणारं ऊन, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर जळक्या रबराचा वास. गर्दी अर्थातच महागड्या इटालियन गाड्यांपाशी होती. माझा जीव तिथे फार रमत नाही. मी मागच्या बाजूला सरकलो, जिथे टू-स्ट्रोक बाइकवाल्यांनी ताडपत्र्या अंथरून संसार मांडला होता. तिथला वास वेगळा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं एरंडेलाचं रेसिंग ऑइल जळतं तेव्हा गोडसर, किंचित खमंग धूर निघतो; लहान वयात ज्यानं तो एकदा हुंगला त्याची त्यातून सुटका नाही. एका बाइकपाशी थांबलो. हेडलाइट काढलेला, सीटच्या जागी फोमचा तुकडा, मागचं चाक लांबवलेलं. नुकतीच धावून आली असावी, कारण इंजिन थंड व्हावं म्हणून ब्लॉकवर ओला टॉवेल टाकला होता आणि त्यातून वाफ निघत होती. शेजारी मिसरूड फुटलेला एक पोरगा उकिडवा बसून चेनचा ताण बघत होता. मी सवयीनं मोबाइल काढला. त्यानं मान वर केली नाही. नुसता डावा हात लांब करून टॉवेल चार बोटं पुढे ओढला. कार्बोरेटर झाकला गेला. मग म्हणाला, "काका, फोटो नको."

आवाजात राग नव्हता, सवय होती. 'काका' जरा लागलं, पण ते वेगळं. घरी येताना एक्सप्रेसवेवर माझ्या डोक्यात तो टॉवेलच घोळत राहिला. त्या कार्बोरेटरमध्ये झाकण्यासारखं काय होतं? त्याच्या अंगावर कंपनीचं नाव आणि आकडा ठसठशीत कोरलेला असतो, शेजारच्या ताडपत्रीवरही तसाच कार्बोरेटर असणार. आत पेट्रोल सोडणारा जेट कुठल्या नंबरचा बसवलाय हे काही माझ्या फोटोत दिसणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो टॉवेल सरकेपर्यंत माझं लक्ष कार्बोरेटरकडे नव्हतंच, मी सायलेन्सरचा जोड बघत होतो. त्यानं झाकलं आणि मला कळलं की तिथे काहीतरी आहे. की काहीच नव्हतं, आणि पोरगा मला नीट ओळखून होता?

गंमत अशी की या खेळाइतका उघडा खेळ दुसरा नसेल. सरळ रस्ता, दोन गाड्या, ४०२ मीटर, संपलं. शर्यत झाली की हातात छापील चिठ्ठी मिळते. साठ फुटांवर किती वेळ, ३३० फुटांवर किती, ६६०ला, १०००ला आणि १३२०ला किती, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. क्रिकेटमध्ये 'नशीब नव्हतं' म्हणता येतं, इथे तीही सोय नाही. प्रतिस्पर्ध्याला तुमचं सगळं दिसतं: कुठे मागे पडलात, कुठे उचल खाल्लीत. अगदी इंजिन किती फिरत होतं तेही लपत नाही. आठ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात चार स्फोट करतं. मिनिटाला १०,५०० फेरे म्हणजे सेकंदाला १७५, म्हणजे सेकंदाला ७०० स्फोट. भिंतीपाशी उभं राहून आवाज रेकॉर्ड केला आणि त्याची पट्टी काढली की झालं गणित. एवढं सगळं जगजाहीर असताना झाकायला उरतं फक्त 'कसं'. आणि त्या 'कसं'वर माणसं जी पांघरुणं घालतात, त्यांचा मला अनेक वर्षांपासून नाद आहे.

या पांघरुणांमधलं सगळ्यात नावाजलेलं आहे बॉब ग्लिडन या माणसाचं जॅकेट. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात व्हाइटलँड नावाचं गाव आहे, तिथला हा गडी. प्रो स्टॉक म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारख्या असणाऱ्या पण आतून सगळ्या बदललेल्या गाड्यांचा वर्ग. त्यात यानं दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं आणि ८५ स्पर्धा जिंकल्या. फौजफाटा नाही. बायको एटा आणि दोन मुलं, बिली आणि रस्टी, हीच टीम. इंजिन घरचं, हात घरचे, आणि बोलणं बेताचं. १९८६ साली जॉर्जियातल्या कॉमर्स गावच्या अटलांटा ड्रॅगवेवर त्याची थंडरबर्ड फिनिश लाइनच्या पुढे ताबा सुटून उलटली आणि कोलांट्या खात गेली. पत्रा न् पत्रा सोलला गेला. बघणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला असणार. ग्लिडन त्या सांगाड्यातून बाहेर आला, चालता-फिरता. आणि बाहेर आल्यावर त्यानं काय केलं, तर अंगातलं अग्निरोधक जॅकेट काढून उघड्या पडलेल्या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीवर, टाकलं.

आधी ते झाकलं. मग बाकीचं.

ही गोष्ट ड्रॅग रेसिंगवाले हसत हसत सांगतात. मीही पहिल्यांदा हसलोच होतो. काय हा माणूस, जीव वाचला त्याचं काही नाही, पत्र्याच्या डब्याची चिंता. पण पुढच्या खेपेला ती गोष्ट आठवली तेव्हा हसू आलं नाही. मरणाच्या दारातून परत येणाऱ्या माणसाचा हात पहिल्यांदा कुठे जातो, यावरून त्याचं सगळं आयुष्य कळत असेल तर ग्लिडनचं आयुष्य त्या मॅनिफोल्डमध्ये होतं. त्यात गैर काय? आणि तरीही मनात एक बारीक कुसळ राहतंच: एटा तिथेच होती ना कुठेतरी, गाडी कोलांट्या खाताना बघत. तिला आधी हात दाखवायला नको होता का? पण कदाचित तिलाच जास्त कळत असेल. इतकी वर्षं ग्रीस आणि पेट्रोलमध्ये बरोबरीनं हात काळे केलेली बाई ती. तिनं पहिलं काय बघितलं असेल, नवरा की जॅकेट, मी कशाला सांगू.

मॅनिफोल्डच का, हे जरा सांगितलं पाहिजे, नाहीतर तो माणूस नुसताच विक्षिप्त ठरेल. त्या काळच्या प्रो स्टॉक इंजिनाला हवा आत ढकलणारा ना टर्बो, ना ब्लोअर. वरती दोन भलेमोठे कार्बोरेटर आणि त्यांच्यापासून आठ सिलिंडरांकडे जाणाऱ्या आठ नळ्या, एवढंच. हवा आपल्या पायांनी आत जाणार. त्या नळ्या किती लांब, कुठे निमुळत्या, कुठे वळलेल्या, वरचा डबा केवढा, यावर ठरतं की कुठल्या वेगाला सिलिंडर गच्च भरेल. जाणकाराला ते मोजायला फूटपट्टी लागत नाही. त्यानं अर्धा मिनिट निरखलं तर समोरचा कुठल्या आरपीएमसाठी, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांसाठी, खेळतोय हे तो ओळखतो, आणि घरी जाऊन तीन रात्रींत तसाच पत्रा वाकवतो. म्हणजे ग्लिडन धातू झाकत नव्हता. धातू कुणाकडेही असतो. तो झाकत होता आतली पोकळी. हवेची वाट.

आणि त्या वाटेची किंमत किती? ताशी ३३८ किलोमीटर वेगानं दोन गाड्या फिनिश लाइन ओलांडत असतील तर सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे साधारण तीन फूट. आजच्या प्रो स्टॉकमध्ये पहिल्या आणि शेवटच्या पात्र गाडीत कित्येकदा काही शतांश सेकंदांचंच अंतर असतं. एका नळीच्या वळणात दोन शतांश सापडले तर वर्ष तुमचं.

लपवाछपवी फक्त प्रतिस्पर्ध्यांपासून होती असंही नाही. सत्तरच्या दशकात प्रो स्टॉकमध्ये वजनाचा एक विलक्षण नियम होता. इंजिनाच्या जातीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे गाडीचं किमान वजन ठरायचं, आणि एखादी जोडणी फार जिंकायला लागली की एनएचआरए, म्हणजे तिथली नियामक संस्था, तिच्यावर वजन चढवायची. जिंकण्याची शिक्षा शिशाच्या भाषेत. मग माणसं काय करतील? हळू धावायला शिकली. सरावात, पात्रता फेरीत शेवटच्या टप्प्यात पाय काढून घ्यायचा, चिठ्ठीवर साधासा आकडा येऊ द्यायचा, आणि खरी ताकद रविवारच्या दुपारपर्यंत पोटात ठेवायची. १९८२ साली ५०० घन इंच आणि सगळ्यांना एकच वजन असा नियम आला, आणि ही नाटकं त्या वर्गात तरी ओसरली. स्टॉक आणि सुपर स्टॉक या वर्गांमध्ये आजही ठरलेल्या वेळेपेक्षा फारच जोरात धावलात तर तुमच्या इंजिनाचे कागदावरचे अश्वशक्ती वाढवले जातात, म्हणून पुढे असलेला गडी फिनिश लाइनच्या अलीकडे ब्रेक मारताना दिसतो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं गाडी बिघडली. वेग हाच ज्या खेळाचा धर्म, त्यात वेग लपवणं ही सर्वांत मोठी विद्या होऊन बसते, हे मला फार मजेशीर वाटतं.

हे सगळं मला कोल्हापुरात नेऊन सोडतं.

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या आणि लेथच्या आवाजानं कायम थरथरणाऱ्या एका गल्लीत एक मिस्त्री होता. नाव सांगत नाही, सगळे त्याला वस्तादच म्हणायचे. कोल्हापुरात हा शब्द तालमीतून गॅरेजमध्ये कधी आला कुणास ठाऊक. माझ्या आतेभावाकडे यामाहाची आरएक्स-१०० होती, आणि तिचं 'काम' करायला तो वस्तादकडे जायचा तेव्हा मला मागे बसवून न्यायचा. काम म्हणजे पोर्टिंग. आरएक्सच्या ब्लॉकचं भोक ५० मिलिमीटर, पिस्टनची चालही ५०, कसं चौकोनी घर बांधल्यासारखं इंजिन. त्या भोकाच्या भिंतीत खिडक्या, म्हणजे पोर्ट, असतात, पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्टच्या खिडकीची वरची कड मिलिमीटरभर उंचावली की ती लवकर उघडते, आणि तीच गाडी वरच्या वेगाला किंचाळत पळते. फार उंचावली की खालचा जोर जातो, चौकातून उठताना शेळपट होते. ती कड नेमकी कुठे आणायची, तिला कमान कशी द्यायची, आतला बोगदा कुठे रुंदवायचा, यात वस्तादचं वस्तादपण.

तो शटर अर्धं ओढून घ्यायचा. दाराकडे पाठ करून बसायचा, मांडीवर पोत्याचा तुकडा, त्यावर ब्लॉक, वर लोंबता बल्ब. कानस, लवचिक दांड्याचा ग्राइंडर, पॉलिशपेपर गुंडाळलेली बांबूची काडी. व्हर्नियर होतं, भिंतीला टांगलेलं, धुळीनं माखलेलं. मोजायचा तो सायकलच्या स्पोकनं. स्पोकवर कानशीनं पाडलेल्या बारीक खाचा होत्या, कुठली खाच कशाची ते त्यालाच माहीत. काम झालं की तो स्पोक शर्टाच्या खिशात जायचा आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी. मी अर्ध्या शटरखालून वाकून बघायचो. "काय बघाय लागलाईस रं? जा, तीन कप च्या सांगून ये." चहा सांगून येईपर्यंत ब्लॉक फडक्यात गुंडाळलेला. आणखी एक गोष्ट तो करायचा, ती मला फार उशिरा कळली. घासलेला धातू चकाकतो, आणि चकाकीवरून कुठे हात फिरलाय हे कुणीही ओळखेल. म्हणून वस्ताद पोर्टमध्ये ऑइल आणि काजळी चोळायचा आणि वर बजावायचा, पहिल्या टाकीला ऑइल जास्त घाला. चार दिवसांत कार्बन बसायचा आणि ब्लॉक पुन्हा जुनापुराणा दिसायला लागायचा. पैज हरलेल्या एखाद्यानं हट्टानं हेड उघडून बघितलं तरी त्याला काळंच दिसणार.

त्या पैजा पहाटे हायवेला लागायच्या, अर्थात बेकायदा. त्यांचं कौतुक मी इथे करणार नाही. एका पोराचा पाय त्यात कायमचा गेला. पण त्या पोरांच्या गाड्यांवरून गावाला कळायचं की हे काम कुणाचं. आवाजावरून. वस्ताद स्वतः कधी बघायला गेला नाही. घरी अंथरुणात पडून ऐकतो, असं लोक म्हणायचे.

तालमीतली एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात: वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो, आणि चेला उलटला की त्याच डावानं त्याला चीत करतो. शाळेत ही गोष्ट ऐकताना आम्ही टाळ्या वाजवल्या असतील. आता मला ती मुळीच आवडत नाही. प्रत्येक वस्तादानं एकेक डाव राखला असता तर चार पिढ्यांत कुस्ती संपायला हवी होती. संपली नाही, म्हणजे कुणीतरी खिडकीतून बघत होतं. अर्ध्या शटरखालून, पडद्याआडून, चहा सांगायला गेल्याचं नाटक करून. राखणारे आणि चोरणारे दोघं मिळून विद्या पुढे नेतात आणि दोघं एकमेकांना शिव्या देतात.

वस्तादला कुणी सांगितलं असतं की तू जो खजिना फडक्यात गुंडाळतोस तो मुळात चोरीचा आहे, तर त्यानं पाना फेकून मारला असता. पण आहे खरं तसं. टू-स्ट्रोक इंजिनाच्या एक्झॉस्टमधून बाहेर पडणारी दाबाची लाट योग्य आकाराच्या डब्यातून उलटी फिरवली, तर ती निसटणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरात ढकलते. फुगीर पोटाचे ते रेसिंग सायलेन्सर याच विद्येचे. ही विद्या शर्यतीच्या दर्जाला नेली पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यातल्या वॉल्टर काडेन या अभियंत्यानं. पैसा नाही, चांगला धातू नाही, कम्युनिस्ट राजवटीचा पहारा. तरी त्याची १२५ सीसीची मोटारसायकल जगाच्या नाकी दम आणत होती. १९६१ साली त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर होता. स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर तो परतलाच नाही. बायकामुलांना आधीच गुपचूप पश्चिमेकडे काढलं होतं. डेग्नर सुझुकीकडे गेला, डोक्यात काडेनची विद्या घेऊन. पुढच्याच वर्षी, १९६२ला, सुझुकीनं ५० सीसीचं पहिलं विश्वविजेतेपद मिळवलं, स्वार डेग्नरच. मग ती समज जपानभर झाली, जपानी बाइकबरोबर देशोदेशी गेली, आणि पाव शतकानंतर उद्यमनगरात अर्ध्या शटरमागे बसलेला एक माणूस तिच्यातला आपला वाटा पाठ फिरवून जपत होता.

काडेनबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. तो त्शोपाऊतच राहिला. त्याच्यासाठी मी डेग्नरवर रागवायला बसतो, आणि मग आठवतं की डेग्नरला बायकामुलांसह भिंतीपलीकडे जगायचं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली होती. राग अर्धाच राहतो. आणि त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे, ती चोरी झाली नसती तर माझ्या लहानपणीचा तो एरंडेलाचा धूर असा नसता.

काही गोष्टी मात्र झाकताच येत नाहीत. डॉन गार्लिट्स या ड्रॅग रेसरचं उदाहरण बघा. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्याची गाडी सुटतानाच तिचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला. तेव्हा ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे याच खेळासाठी बांधलेल्या लांबोळक्या गाडीत, इंजिन पुढे आणि माणूस त्याच्या मागे बसायचा, म्हणजे जे काही फुटेल ते थेट मांडीत. दवाखान्यात पडल्या पडल्या गार्लिट्सनं ठरवलं की इंजिन माणसाच्या मागे न्यायचं. याआधी लोकांनी ते करून पाहिलं होतं, पण अशा गाड्या सरळ राहायच्या नाहीत, स्वाराला चकवायच्या. १९७१ साली तो ही उलटी गाडी घेऊन पोमोनाच्या विंटरनॅशनल्स स्पर्धेला उतरला आणि जिंकला. इंजिन मागे आहे हे शेवटच्या रांगेतल्या पोराला दिसत होतं. काय झाकणार? थोड्याच वर्षांत सगळा वर्ग तसा झाला, आणि कित्येकांचे पाय आणि प्राण वाचले.

पण त्यातही एक न दिसणारं होतंच. गाडी सरळ का राहिली? गार्लिट्सच्या माणसांच्या लक्षात आलं की पुढे बसलेल्या स्वाराला मागचं टोक हलल्याचं उशिरा कळतं आणि तो स्टीअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवतो. म्हणून त्यांनी स्टीअरिंगच मंद केलं. हाताला जास्त वळवावं लागेल, चाक कमी वळेल. एवढंच. लांबून बघणाऱ्याला अख्खी गाडी दिसली, ते गुणोत्तर दिसलं नाही. जीव वाचवणारी गोष्ट माणसानं झाकावी का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर पटकन येतं: नाही. पण मग लगेच दुसरा प्रश्न येतो. ज्यानं पाऊल देऊन ती मिळवली, त्याला निदान एक हंगाम तरी तिचा फायदा मिळू नये? इथे मी अडखळतो.

कुणी म्हणेल, पेटंट घ्या की. पेटंटचा सौदा असा की तुम्ही कसं केलंत ते जगाला लिहून द्यायचं, त्या बदल्यात वीस वर्षं दुसऱ्या कुणाला ते करता येणार नाही. औषधवाल्याला हे परवडतं. रेसवाल्याची युक्ती दोन हंगाम टिकली तरी डोक्यावरून पाणी. अर्ज मंजूर होईपर्यंत ती भंगारात गेलेली असते. शिवाय समोरच्यानं चोरली हे सिद्ध करायला त्याचं इंजिन उघडावं लागणार, आणि ते झाकायलाच तर तो बसलाय. त्यामुळे या जगात कायद्याचं काम टॉवेल करतात. ब्लँकेटं, ताडपत्र्या, गाडीचं नाक ट्रेलरकडे करून उभं राहणं. धाव संपल्यावर काढलेले स्पार्क प्लग खिशात घालणं, कारण प्लगच्या टोकावरचा रंग वाचता येणाऱ्याला आतल्या आगीची सगळी हकिगत कळते.

त्या नाकावरून आठवलं. २०१६ सालच्या हंगामापासून एनएचआरएनं प्रो स्टॉकचं रूप पालटलं. कार्बोरेटर गेले, इंधनाचं इंजेक्शन आलं, बॉनेटवरचा तो ऐटबाज फुगवटा गेला, आरपीएमला १०,५००ची वेसण बसली. आणि एक छोटासा नियम आला, जो मला सगळ्यांत सूचक वाटतो: पिटमध्ये, म्हणजे टीम जिथे गाडीवर काम करतात तिथे, गाड्या उलट्या लावायच्या, म्हणजे इंजिन प्रेक्षकांकडे येईल. तिकीट काढून आलेल्या माणसाला यंत्र दिसलं पाहिजे, लोकांची पाठ बघायला तो आलेला नाही, असा विचार. प्रेक्षक म्हणून मी खूश व्हायला हवं. झालोही. पण आता जे समोर येतं त्यात बघण्यासारखं कितीसं राहिलंय? निम्मं गुपित लॅपटॉपमध्ये गेलं, आणि उरलेलं बंद इंजिनात. आज त्या वर्गातली बरीचशी इंजिनं केबी टायटन रेसिंग आणि एलिट मोटरस्पोर्ट्स यांसारख्या मोजक्या कारखान्यांतून भाड्यानं येतात. पैसे देऊन ताकद वापरायची, आत काय आहे ते मालकाचं. शर्यतवाल्यालाच आपल्या इंजिनाचं पोट माहीत नाही! ग्लिडन डिसेंबर २०१७मध्ये गेला. त्याच्या जॅकेटाखाली जे होतं ते त्यानं स्वतः वाकवलेलं, जोडलेलं, रात्री जागून पुन्हा कापलेलं होतं. भाड्याच्या इंजिनावर कुणी अंगातलं जॅकेट टाकेल असं मला वाटत नाही.

वस्ताद जाऊन आता बराच काळ झाला. गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मुलगा शिकून परगावी नोकरीला, त्याला या कशातच रस नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या स्पोकचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. आतेभावाची आरएक्स मात्र आहे, माळ्यावर ब्लॉक वेगळा गुंडाळून ठेवलेला. गेल्या दिवाळीत पुण्याहून एक तरुण ट्यूनर त्याच्याकडे आला होता, पोटतिडकीनं. त्यानं वस्तादच्या कामाबद्दल ऐकलं होतं. दादानं, म्हणजे आतेभावानं, आधी टाळलं, मग चहा झाला, मग ब्लॉक खाली आला. पोरानं कार्बन खरवडला, पोर्टमध्ये तेल लावलं आणि गुलाबी सिलिकॉनचं रबर ओतलं. ते आळल्यावर हलकेच ओढून काढलं. आयुष्यभर फडक्यात गुंडाळलेली ती पोकळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर पडली होती, जिभेसारखी, मऊ, हातात घेता येईल अशी. आम्ही तिघंही जरा वेळ तिच्याकडे बघतच राहिलो.

पोरानं डिजिटल व्हर्नियरनं सगळं मोजलं, वहीत लिहिलं आणि त्याचा चेहरा पडला. कडेची उंची, रुंदी, बोगद्याचा उतार, सगळं आता कुणालाही माहीत असतं तेवढंच होतं. एकच गोष्ट जमत नव्हती. एक्झॉस्टच्या खिडकीची डावी बाजू उजवीपेक्षा केसभर उंच होती. दादा म्हणाला, हेच ते, वस्ताद मुद्दाम करायचा, लाट वळवायला. मी म्हटलं, बल्ब डावीकडे असायचा त्याच्या, सावलीत हात सरकला असेल. त्यावरून आमची चांगलीच जुंपली, वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पोरगा काही बोलला नाही. त्यानं ते रबर प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं, आणि महिन्याभरानं फोन आला तेव्हा सांगितलं की नवा ब्लॉक तसाच केलाय, तिरकेपणासकट. गाडी पळते का, असं मी विचारलं. पळते म्हणाला, पण किती ते सांगेना.